उशीतला अडकित्ता

जबलपूरच्या गढा भागातल्या आमच्या गल्लीत समुद्र पाहिलेला माणूस एकच होता, आणि तो सुतार होता. माझे वडील, मोतीराम. बाकीच्यांनी मोठं पाणी पाहिलं ते नर्मदेवर, तिलवाऱ्याच्या घाटावर. बाबा मात्र ‘जहाज’ हा शब्द असा काही उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या परसात दोन-चार बांधलेली आहेत. एका अर्थी ते खरंही होतं. त्रेचाळीस साली, महायुद्धात, त्यांनी मुंबईच्या एका गोदीत जहाजं बांधली होती. साधी नव्हेत, समुद्रातले सुरुंग काढणारी.

बाबा मूळचे चांद्याकडचे. लढाईमुळे ब्रह्मदेशातून साग यायचा थांबला, तेव्हा चांद्याच्या जंगलातला साग मुंबईला जाऊ लागला आणि त्याच्या मागोमाग तो साग ओळखणारे सुतारही गेले. शत्रू समुद्राच्या तळाशी चुंबकी सुरुंग टाकून ठेवायचा. वरून लोखंडाचं जहाज गेलं, की सुरुंगाला ते कळायचं आणि तो फुटायचा. म्हणून सुरुंग काढणारं जहाज लाकडाचं. फळ्या सागाच्या, खिळे तांब्याचे, स्क्रू पितळेचे. या लाकडी जहाजानं सगळ्यांच्या पुढं जायचं, सुरुंग शोधून फोडायचे, आणि वाट साफ झाली की मागून मोठी जहाजं डौलात येणार. “नवरदेवाच्या पुढं झाडू मारणाऱ्यासारखं,” असं बाबा म्हणायचे. पण झाडू मारणाऱ्याच्या पायाखाली काय असतं, हे ते आईसमोर सांगत नसत.

गोदीतली शिस्त मात्र ते सगळ्यांना सांगत, मागितली नाही तरी. पारशी फोरमन हातात होकायंत्र घेऊन जहाजाच्या कडेनं चालायचा. सुई हलली, की तिथली फळी उघडायची. रोज सुटी होताना सुतारांचे खिसे तपासायचे, हत्यारं मोजायची. एकदा मोजणीत एक पटाशी कमी भरली. छिन्नीसारखं ते हत्यार, वीतभर लांब. चार दिवसांचं काम उखडलं, जहाजाची एक बाजू पूर्ण उघडली, तेव्हा ती दोन फळ्यांमध्ये सापडली. ज्या सुताराची होती तो तिथंच बसून रडला. “एक पटाशी,” बाबा बोट वर करून म्हणायचे. “एक पटाशी पुरते चाळीस माणसं माराले.” हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं, की पाढ्यांबरोबर तेही पाठ झालं.

लढाई संपली, गोदीतलं काम संपलं. बाबांना जबलपूरच्या कारखान्यात जागा मिळाली. तोफगोळ्यांसाठी लाकडी पेट्या बनवायच्या. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पेट्या केल्या. छप्पन साली राज्यं नव्यानं आखली गेली. चांदा, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि मामाकडं जाणं म्हणजे एकदम परराज्यात जाणं झालं. त्याच वर्षी आई-बाबांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर घरातले देव, ताईत, काळे दोरे सगळं गोळा करून बाबांनी तिलवाऱ्याला नर्मदेत सोडलं. त्या दिवसापासून आमच्या घरात नवस, उतारा, दृष्ट असले शब्दसुद्धा काढायची सोय उरली नाही.

माझी आई भीमाबाई. शाळेत गेलेली नाही, पण माणूस दारातून आत आला की त्याच्या मनात काय आहे ते सांगायची. दीक्षा तिनं मनापासून घेतली होती, याबद्दल मला शंका नाही. पण तिची पहिली दोन बाळं सव्वा महिन्याच्या आत गेली होती. तिसऱ्या वेळी तिच्या आईनं चांद्याहून येताना लोखंडी अडकित्ता आणला आणि बाळंतिणीच्या उशाखाली ठेवला. लोखंड उशाशी असलं की वाईटाची सावली पडत नाही, अशी आमच्याकडची समजूत. ते तिसरं बाळ जगलं. तो माझा थोरला भाऊ, दयाराम. वर्षभर अडकित्ता त्याच्या उशाखाली होता. पुढं तो सुपारी कातरायला लागला. बाबांना त्यात फक्त सुपारीचा अडकित्ता दिसायचा. आईला काय दिसायचं, ते तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

दयाराम सदुसष्ट साली नौदलात भरती झाला, आणि सत्तर साली त्याची नेमणूक झाली ती नेमकी सुरुंग काढणाऱ्या जहाजावर. बाबांचा आनंद काय सांगू! “अजून लाकडाचंच करते का रे? खिळे कशाचे हाय?” असं मला पत्रातून विचारायला लावायचे. चेरीतालच्या वस्तीत ओळखीचं कोणी भेटलं, की रस्त्यातच उभं करून सांगायचे, पोरगा आपल्या धंद्यात आला. आई ऐकायची, पदराला हात पुसायची आणि आत जायची.

एकाहत्तरच्या ऑक्टोबरात दयाराम पंधरा दिवसांच्या रजेवर आला. वारं तापलेलंच होतं. लढाई होणार हे पानवाल्यालाही कळत होतं. तो परत गेला, त्यानंतर आमच्या घरातला अडकित्ता दिसेनासा झाला. “हरपला,” आई म्हणाली आणि सुपारी बत्त्यानं फोडून देऊ लागली. बाबा दोन-चार दिवस कुरकुरले. मग सवय झाली.

डिसेंबरच्या चार तारखेला, शनिवारी सकाळी, शेजारच्या रेडिओवर लढाई सुरू झाल्याचं कळलं. बाबा ओसरीवर बसले ते बसलेच. चहा निवला. मी पंधरा वर्षांची होते, शाळेला जाऊ की नको हे विचारायला गेले, तर त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिला त्यांना धीर द्यायचा होता.

“इतका घोर नका लावून घेऊ. त्याले काही होत नाही. म्या बंदोबस्त केला हाय.”

“कोणता बंदोबस्त?”

“उशी दिली ना त्याले नवी. त्यात शिवून देला अडकित्ता. कापसात. त्यालेही ठाऊक नाही.”

बाबांचा चेहरा मी आजही विसरलेले नाही. ते ओरडले नाहीत. हळू म्हणाले, “भीमे, तू काय केलं हे? लोखंड? त्या जहाजावर लोखंड?”

“लोखंडच तर लागते उशाशी.”

“अवो, लोखंड नाही चालत तिथं! एक पटाशी...”

मग जे भांडण झालं, तसं आमच्या घरात पुन्हा कधी झालं नाही. बाबांनी नर्मदेत सोडलेल्या ताइतांपासून सगळं काढलं. आईनं एकच काढलं. “दोन गेली तव्हा तुम्ही कुठं होते? तुमच्या गोदीत होते. मी होती घरी. तिसऱ्याच्या उशाशी लोखंड होतं, तो वाचला. आता काढाले सांगान अन् त्याले काही झालं, तर मी तुमचं तोंड पाहणार नाही.”

बाबा म्हणाले, “अन् नाही काढलं अन् झालं, तर?”

मला दोघांचाही राग आला. घरात दोन माणसं एकाच पोराच्या जिवासाठी थरथरत होती, आणि प्रत्येकाची खात्री होती की दुसऱ्यामुळं तो मरणार. कुणाची बाजू घेणार? एकाकडं होकायंत्र होतं, दुसरीकडं दोन मेलेली लेकरं.

सोमवारी बाबा मला घेऊन तारघरात गेले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि हिंदी लिहिताना हात अडखळायचा, म्हणून मी. तारेचा मजकूर त्यांनी वाटेतच जुळवला होता: तकिये में लोहा है, फौरन फेंको. खिडकीतल्या बाबूनं कागद वाचला, चष्मा काढला, पुन्हा वाचला.

“ये क्या है? नेवी के जहाज पर? तकिये में लोहा? कोई कोड है क्या?”

“नहीं जी, अडकित्ता है,” बाबा म्हणाले. “सरौता. सुपारी काटने का.”

बाबू उठून आत गेला आणि एका हवालदाराला घेऊन आला. नाव, गाव, कारखान्याचं कार्ड, पोराचा नंबर, सगळं विचारून झालं. तोफगोळ्यांच्या पेट्या करणारा माणूस लढाईच्या तिसऱ्या दिवशी लढाऊ जहाजाला ‘लोहा फेंको’ अशी तार करतो, म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकलं? बाबा हात जोडून सांगत होते, की चुंबकी सुरुंग असतो, पितळेचे खिळे असतात, आणि जितकं जास्त सांगत तितका हवालदाराचा चेहरा कठीण होत होता. शेवटी मीच रडायला लागले. हवालदारानं माझ्याकडं पाहिलं, कागद फाडला आणि म्हणाला, “जाओ दादा, बिटिया को घर ले जाओ. चिट्ठी लिखो, चिट्ठी.”

घरी येऊन मी पत्र लिहायला बसले. माझं मराठी लिहिणं म्हणजे हिंदीचाच अवतार, पण बाबांनी एकेक शब्द मोजून सांगितला. उशी उसव. आत अडकित्ता आहे. तो जमा करून दे, नाहीतर समुद्रात टाक. जहाजावर लोखंड ठेवू नको, हा बापाचा हुकूम आहे. ते कारखान्यात गेले आणि आई चुलीपासून उठून माझ्यासमोर येऊन बसली.

“सुमे, तू ते लिवलं?”

“लिहिलं.”

“माह्यंही लिव मग. काढू नको म्हणा. आईनं दिलं हाय म्हणा.”

“आई, दोन्ही कसं लिहू? तो काय करेल?”

तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता, चुलीपाशी बसूनही. मी लिहिलं. बाबांच्या हुकमाखाली, त्याच कागदावर: ‘आई म्हणते काढू नको. तू ठरव.’ शहाणपण केल्यासारखं वाटलं तेव्हा. खरं म्हणजे मी माझ्या मानेवरचं जू काढून त्याच्या मानेवर ठेवलं, आणि तो तर आधीच युद्धात होता. पत्र मीच पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. आई-बाबा एकमेकांशी बोलेनात. “सुमे, बाबाले सांग जेवण वाढलं.” “सुमे, आईले सांग भूक नाही.” बाबा सुपारी खायचे बंद झाले. आई डोक्याखाली उशी घेईना. रेडिओवर नौदलाचं नाव निघालं, की दोघं आपापल्या जागी दगडासारखी व्हायची. डाकिया गल्लीच्या तोंडाशी दिसला, की आई दार लावून घ्यायची. वाईट बातमी दार वाजवूनच येते, उघड्या दारातून सरळ आत यायला नको, असं काहीसं तिचं गणित असावं.

सोळा डिसेंबरला लढाई संपली. गल्लीत फटाके, पेढे, बँडवाले. शेजारच्या हेमलता दीदी धावत येऊन आईच्या गळ्यात पडल्या. आई इतकी हसली, इतकी रडली, की मला वाटलं तिला काही होतंय. त्या आनंदात ती बारा दिवसांचा अबोला विसरली आणि स्वतः बाबांपुढं पेढा धरला. “घ्या. संपलं सगळं. येईन आता आपला पोट्टा आठ दिवसांत.”

बाबांनी पेढा घेतला. “हो,” म्हणाले. “येईन.”

मला ते विचित्र वाटलं होतं. सगळी गल्ली नाचत असताना ते पेढा हातात धरून उभे होते, खाल्ला नाही. का ते मला पुढं तीन महिन्यांनी कळलं, पण तुम्हाला आताच सांगते. सुरुंगांना लढाई संपल्याचं कोणी कळवत नाही. ते तळाशी तसेच पडून असतात. मोठ्या जहाजांची लढाई संपते, तेव्हा झाडू मारणाऱ्यांचं खरं काम सुरू होतं. साऱ्या गढ्यात हे एकट्या बाबांना ठाऊक होतं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही.

दयारामचं पत्र आलं ते डिसेंबरच्या अखेरीस. चार ओळी. मी ठीक आहे, काळजी करू नका, छुट्टी सध्या नाही, काम चालू आहे. उशीबद्दल अक्षर नाही. माझं पत्र त्याला मिळालं की नाही, तेही कळेना. आई म्हणाली, “काम काहून? लढाई तर संपली.”

“रंग देत असंन जहाजाले,” बाबा म्हणाले. “लढाई झाली की रंग देतात. वेळ लागते.”

आईनं ते मानलं. बाबा ते पत्र खिशात ठेवून कारखान्यात गेले आणि त्या आठवड्यात इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात करवतीखाली आला. तर्जनीला तीन टाके पडले. “ध्यान कुठं होतं तुमचं?” असं आईनं विचारलं, तर म्हणाले, लाकडात गाठ होती. लाकडातली गाठ बाबांना दिसली नाही, यावर मी विश्वास ठेवायला नको होता.

जानेवारी असाच गेला. संक्रांत झाली, त्याचा पत्ता नाही. आईचा धीर पुन्हा सुटायला लागला. एका दुपारी ती तांदूळ निवडता निवडता थांबली आणि बाबांना म्हणाली, “रंगाले इतके दिवस लागते? मले काही बरं वाटून नाही राहिलं. त्यानं काढला असंन का हो तो अडकित्ता? तुमचा हुकूम होता.”

मी कान टवकारले. आता पुन्हा भांडण होणार. बाबा तिच्याशेजारी खाली बसले, पट्टी बांधलेल्या बोटानं ताटातला एक खडा बाजूला केला आणि म्हणाले, “नाही काढला असंन. तो तुयंच ऐकते लहानपणापासून. उशीतच हाय तो. घोर करू नको.”

मी पाहतच राहिले. डिसेंबरात हाच माणूस लोखंडाच्या नावानं पांढरा पडला होता. मला वाटलं, बाबांनी हार मानली, म्हातारे झाले. मनातल्या मनात मी त्यांच्यावर चिडलेसुद्धा. ज्या गोष्टीच्या भीतीनं त्यांचा जीव जात होता, तीच गोष्ट घडली आहे असं सांगून ते बायकोला धीर देत होते, एवढं समजण्याइतकी अक्कल मला नव्हती.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दयाराम आला. काळा पडला होता, वाळला होता, पण धडधाकट. आईनं त्याला दारातच कुरवाळलं आणि पहिलं काम काय केलं, तर त्याची वळकटी सोडली. उशी काढली. दाबून पाहिली. मग विळी घेऊन टाका उसवला आणि हात आत घातला. कापूस, आणखी कापूस.

“कुठं हाय?”

दयाराम जेवायला बसला होता. “कोण, अडकित्ता? अगं आई, वो तो पहिल्याच दिवशी गेला. बोटीवर चढताना सगळ्यांची झडती होते. सामान, बिस्तर, सगळं. जेटीवर जमा करून घेतला साहेबांनी. मला मिळेल परत.” मग माझ्याकडं पाहून हसला. “तुझी चिट्ठी मिळाली सुमे, जनवरीत. एका कागदावर दोघांची लढाई!”

मी बाबांकडं पाहिलं. दोन वर्षं रोज गोदीच्या दारात खिसे उलटे करून दाखवणारा माणूस! सुताराची झडती घेणारे खलाशाचीही घेतील, हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं. भीतीनं माणूस असा आंधळा होतो.

आईला मात्र हसू आलं नाही. ती कापूस हातात घेऊन बसली होती. “म्हणजे लढाईत तो तुह्यापाशी नव्हता?”

“लढाईत तर आम्ही बंदरातच होतो जास्त करून. असली काम बाद में हुआ ना, आई. पूर्वेकडं पाठवलं आम्हाला. दोन महिने रोज सकाळी निघायचं, सुरुंग काढायचे. सामने पानी, बस. आठ फुटले. एक तर इतका जवळ, की...” त्यानं बाबांचा चेहरा पाहिला आणि थांबला.

आई बाबांकडं वळली. “तुम्ही तं रंग म्हणत होते.”

बाबा ताटाकडं पाहत होते.

“तुम्हाले ठाऊक होतं? पेढा दिला, तव्हाबी?”

“हो.”

“अन् तो अडकित्ता उशीत हाय म्हणाले, तव्हा?”

“तव्हा बी.”

खोटं बोलणं आईला खपत नसे, आणि हे तर पोराच्या जिवाबद्दलचं, तीन महिन्यांचं खोटं. तिनं कापूस खाली ठेवला. उठली, बाबांच्या शेजारी जाऊन बसली, आणि टाक्यांचा वण पडलेलं त्यांचं बोट आपल्या मुठीत धरलं.

“इतके दिवस,” ती म्हणाली, “तुम्ही एकटेच भेले?”

बाबांनी मान डोलावली. त्यांना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. दयाराम जेवायचा थांबला, तर आईनं त्याला डोळ्यांनीच सांगितलं, तू जेव.